नांदणीचा कर

“नांदणी घेतली तुमची,” श्रेणिक म्हणाले आणि त्यांनी माऊसवरचा हात काढून घेतला. “बघा आता इकडं.”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून नजर काढली आणि कॉम्प्युटरकडे वळले. नांदणीवर मघापर्यंत माझा निळा झेंडा होता. आता तिथं त्यांचा तांबडा होता.

“पहिल्याच रविवारी?” मी म्हटलं. “पाहुण्यानं थोडी तरी लाज धरायची असते.”

“खेळात कसला पाहुणा आलाय?” ते म्हणाले. “तुमची पाळी. मी कॅलेंडर बघतो.”

आणि खुर्ची फिरवून ते खरोखरच कॅलेंडरकडे तोंड करून बसले. मला ते पाहुण्याचं वाक्य फार आवडलं. इतकं आवडलं की पुढची चाल कुठली करायची हे मला थोडा वेळ सुचलंच नाही. स्वयंपाकघराच्या पडद्याआड आईची सावली हलली, तेव्हा मी भानावर आले.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. आम्ही जयसिंगपूरला राहायचो. मी सांगलीच्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे आणि लग्नाचं वय उलटून चाललंय असं सगळ्या गल्लीला वाटत होतं. मला सोडून. श्रेणिक चौगुले म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे, अभिनंदनचे, हॉस्टेलवरचे सीनियर. कोल्हापूरला एका फाउंड्रीत इंजिनिअर होते. स्थळ अभीनंच आणलं होतं. बघण्याचा कार्यक्रम रीतसर झाला. आमच्या घरात कांदा येत नाही, त्यामुळे कांदेपोह्यांतले नुसतेच पोहे झाले, आणि बोलणंही तसंच बेचव झालं. त्यांच्या बेळगावच्या आत्या एकट्याच बोलत होत्या. निघताना श्रेणिकांची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली. आईनं त्यावर विणलेलं झाकण घातलं होतं. झाकणाखालून अभीच्या खेळाच्या सीडीचा डबा डोकावत होता.

“हा खेळ कोण खेळतं?” त्यांनी विचारलं.

“मी खेळतो,” अभी म्हणाला. “आणि अक्का मला हरवते.”

श्रेणिकांनी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. “मग पुढच्या वेळी पोहे नकोत,” ते म्हणाले. “खेळूया. बसून नुसतं काय बोलायचं?”

आत्यांना ते काही पसंत पडलं नाही. पण आप्पा हसले, आणि आमच्या घरात आप्पा हसले की ठरलं. आत्यांनी एवढंच बजावलं की चातुर्मास लागायच्या आत होय की नाही ते कळवा.

अशा प्रकारे आमचे रविवार सुरू झाले. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकायची, मग आम्ही दोघं कॉम्प्युटरपुढे. एकच कॉम्प्युटर, त्यामुळे एकानं चाल करेपर्यंत दुसऱ्यानं पाठ फिरवून बसायचं. अभी मागच्या कॉटवर बसून बघायचा. त्याला बोलायची मुभा नव्हती. बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही हा आमच्या घरातला आप्पांचा नियम होता. कॅरम असो, पत्ते असोत, मध्ये बोललेल्याला आप्पा अंगणात पाठवायचे.

खेळ राज्य चालवायचा. नकाशावर गावं, गावांत शिपाई, शेतं, बाजार. मुळातली नावं कुठल्या तरी परदेशी शहरांची होती. अभीनं ती बदलून आमच्या आसपासची घातली होती. जयसिंगपूर माझी राजधानी. नांदणी, शिरोळ, उदगाव माझी गावं. इचलकरंजी त्यांची राजधानी, आणि हातकणंगले, कुंभोज वगैरे त्यांची. प्रत्येक गावाचा कर आपण ठरवायचा: नाही, कमी, मध्यम, जास्त. जेवढा कर जास्त, तेवढी त्या गावाशेजारी काढलेली सोन्याच्या नाण्यांची चळत उंच. ती दोघांनाही दिसायची. शिवाय प्रत्येक गावापाशी एका माणसाचं इवलंसं तोंड काढलेलं होतं. ते कधी हसायचं, कधी आठ्या घालायचं. मला ते शोभेचं वाटायचं. माझं धोरण सरळ होतं. गाव घेतलं की कर ‘जास्त’वर, पैसा आला की शिपाई, शिपाई आले की पुढचं गाव. अभीला मी असंच हरवत आले होते.

दुसऱ्या रविवारी श्रेणिकांनी शिरोळही घेतलं. मी कुंभोज घेतलं. पुढच्याच काही फेऱ्यांत कुंभोजमध्ये बंड झालं, माझे शिपाई हाकलले गेले आणि गाव परत त्यांच्याकडे गेलं. मी पुन्हा घेतलं. पुन्हा बंड.

“तुमचं कुंभोज भलतंच इमानी दिसतंय,” मी म्हटलं.

“असेल की,” ते कॅलेंडरकडे बघत म्हणाले.

तेव्हाच माझं लक्ष नांदणीकडे गेलं. नांदणीशेजारी एकही नाणं नव्हतं. शिरोळशेजारीही नव्हतं. माझ्याकडून जिंकून घेतलेल्या गावांकडून ते एक पैचाही कर घेत नव्हते. आणि पैशाची तर त्यांना चांगलीच चणचण होती. दोन फेऱ्या त्यांनी नवा शिपाई उभा केला नव्हता.

“नांदणीचा कर का घेत नाही तुम्ही?” मी विचारलं.

ते हसले. छान हसायचे. “डाव संपल्यावर सांगतो.”

“आत्ता सांगा.”

“आत्ता कसं सांगणार?” ते म्हणाले. “डाव संपल्यावर.”

मागे कॉटवर अभी खोकला. आप्पांनी पेपरातून डोकं वर काढून त्याच्याकडे बघितलं. अभी गप्प झाला.

त्या रात्री मला जे वाटलं ते कळायला आप्पांच्या कॅरमचं सांगायला हवं. लहानपणी मी कॅरममध्ये आप्पांना रोज हरवायचे. अख्ख्या गल्लीत मिरवायचे. कॉलेजात गेले त्या वर्षी एकदा मामा आले होते, आणि मी आतून ऐकलं. आप्पा त्यांना सांगत होते, “पोरगी हरली की जेवत न्हाई. मग मीच राणी सोडतो की. तेवढंच समाधान.” मी त्या दिवशी जेवले नाही, आणि आप्पांशी पुन्हा कॅरम खेळले नाही. त्यांनी ते प्रेमानं केलं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझे सगळे विजय त्यांनी एका वाक्यात परत घेतले, हेही खरं होतं. तेव्हापासून कुणी मला जिंकू देतंय असा नुसता वास आला तरी माझं डोकं फिरायचं.

आणि आता हा माणूस माझ्या गावांचा कर माफ करत होता.

तिसऱ्या रविवारी मी त्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. हे कुणाला सांगितलं नाही. मी जयसिंगपुरातले, माझ्या राजधानीतले, सगळे शिपाई बाहेर काढले आणि उदगावला नेले. राजधानीत एकच शिपाई ठेवला. श्रेणिकांची फौज शिरोळला, अगदी दारात उभी होती. त्यांनी एक चाल केली असती तर डाव तिथंच संपला असता. शेंबडं पोरसुद्धा ती चाल चुकलं नसतं.

मी कॅलेंडरकडे तोंड करून बसले. वाट बघितली. जूनचं पान होतं, खाली आप्पांच्या दुकानाची जाहिरात, कीटकनाशकं आणि बियाणं. मनात मी म्हणत होते, घ्या. घ्या ना. घेतलंत तर उद्या सकाळी मी होय म्हणते. मला हा माणूस हवा होता. आज लपवायचं काही कारण नाही. मला तो फार हवा होता, आणि म्हणूनच मी इतकी घाबरले होते.

मागे बराच वेळ माऊसचा आवाज आला नाही. मग एकदा आला.

“झालं,” श्रेणिक म्हणाले.

मी वळले. त्यांनी फौज मागे घेतली होती. शिरोळहून नांदणीला. जयसिंगपूर तसंच उघडं पडलेलं, आणि त्यात माझा तो एकटा शिपाई.

“हे काय?” मी म्हटलं.

“माझी चाल,” ते म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. पंख्याखाली बसून कसला घाम, असं मला वाटलं. “तुमची पाळी.”

तेवढ्यात वीज गेली. तेव्हा भारनियमन जोरात होतं. टेबलाखालचा बॅटरीचा डबा पीं पीं करू लागला, अभीनं उडी मारून डाव साठवला आणि कॉम्प्युटर बंद केला. आईनं कंदील आणला. कंदिलाच्या उजेडात श्रेणिक चपला शोधत होते.

“पुढच्या रविवारी संपवू,” ते मला म्हणाले. “मग सांगतो नांदणीचं.”

“बरं,” मी म्हटलं.

सोमवारी सकाळी मी आईला नाही म्हणून सांगितलं.

“अगं, असं काय करतीस?” आई पोळपाट सोडून उठली. “एवढं सोन्यासारखं पोरगं. काय खोट दिसली तुला त्याच्यात?”

“त्यांच्याकडं घर मोठं. माझी नोकरी सुटेल,” मी म्हटलं.

“त्यानं स्वतः सांगितलंय की नोकरी कर म्हणून!”

“आत्ता सांगतायत. मागनं कोण बघणाराय?”

खरं कारण मी सांगू शकले नाही. सांगितलं असतं तर आप्पांना ऐकावं लागलं असतं की मामा आले त्या दिवशी मी पडद्याआड होते. इतकी वर्षं ते मी त्यांना कळू दिलं नव्हतं. आप्पा चष्मा पुसत बसले. संध्याकाळी त्यांनी बेळगावला फोन लावला.

दोन दिवसांनी अभी माझ्या खोलीत आला. “श्रेणिकचा फोन होता,” तो म्हणाला. “तक्रार काही नाही केली. एवढंच म्हणाला, अक्काला विचार, नुसता डाव तरी पुरा करायचा का.”

“नको म्हणून सांग.”

“अक्का, अगं—”

“नको म्हटलं ना अभी.”

अभी डोकं खाजवत बाहेर गेला.

पुढच्या वर्षी सुकुमार मला बघायला आले. घरात कॅरम होता, मीच खेळू या म्हटलं. त्यांनी मला तीन बोर्ड सरळ हरवलं. दयामाया नाही. राणी त्यांनी माझ्या नाकासमोरून नेली. मी त्याच संध्याकाळी होय म्हणाले. मला वाटलं, हा माणूस मला कधी काही सोडणार नाही. ते वाटणं अगदी बरोबर निघालं. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून पहाटेचं उठणं, सासूबाईंचं सोवळं, नणंदेचं बाळंतपण, दोन दिरांचे डबे. सुकुमारांना जे हवं ते त्यांना पहिल्या दिवसापासून आणि पुरतं हवं होतं. कॉलेज दुसऱ्या वर्षी सुटलं. मी दोनदा बॅग भरून जयसिंगपूरला निघून आले. दोन्ही वेळा आप्पांनी काही न विचारता दार उघडलं, आणि दोन्ही वेळा सुकुमार येऊन मला घेऊन गेले. ते वाईट नाहीत. मारणं, पिणं, काही नाही. कॅरमबोर्ड कपाटामागे गेला तो गेलाच. मी एकदा काढला तर म्हणाले, “आता कशाला? एकदा जिंकलोय की मी.” त्यांना तो विनोद वाटला होता.

यातलं काही श्रेणिकांशी जोडून बघायचं मला कधी सुचलं नाही. माझ्या लेखी तो हिशेब मिटला होता. एका माणसानं मला कमी लेखलं, मी त्याला नाही म्हटलं. इतक्या वर्षांत मला त्याचा अभिमानच वाटत आला होता.

गेल्या डिसेंबरात अभीच्या हॉस्टेलमधल्या एका मित्राच्या पुतणीचं लग्न होतं, कोल्हापूरला. सुकुमारांना यायचं नव्हतं. अभी पुण्याहून गाडी घेऊन येत होता, मला वाटेत घेऊन गेला. टोल नाक्यावर आमच्या गाडीचा टॅग काही केल्या वाचला जाईना. मागे भोंगे सुरू झाले.

“भर बाबा कर,” मी म्हटलं. “त्याशिवाय सुटका नाही.”

अभी हसला. “तू कर वसूल करायला बसली असतीस तर इथं बंडच झालं असतं. कुंभोजसारखं.”

“काय ते कुंभोज! घ्यायचं आणि जायचं. लहरी होता तुझा खेळ.”

“लहरी कुठला?” अभी म्हणाला. “तू गाव घेतलंस की त्याच फेरीत कर ‘जास्त’ करायचीस. नव्यानं घेतलेलं गाव मनानं जुन्या धन्याचं असतं. लगेच मागायला लागलं की त्यांचा राग साठत जातो, आणि एक दिवस ते उठून जुन्या घरी परत जातात. ती तोंडं नव्हती का काढलेली? आठ्या घालणारी? ती कशाला होती मग?”

“मला वाटलं शोभेला.”

“शोभेला!” त्यानं कपाळावर हात मारला. “अगं, काही मागितलं नाही तर ते हळूहळू विसरतात. त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ आपण उपाशी राहायचं. मग ते गाव आपलं होतं. कर तर देतंच, शिवाय आपणहून शिपाई देतं. फार थोड्यांना जमतं ते. श्रेणिकला जमायचं.”

गाडी नाक्यातून सुटली होती. मी बाहेरचा ऊस बघत होते.

“म्हणजे नांदणीचा कर तो यासाठी घेत नव्हता?”

“मग कशासाठी?”

“मला वाटलं, मला जिंकू देतोय.”

अभीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. “जिंकू देतोय?” तो मोठ्यानं हसला. “अक्का, तुझी धूळधाण होणार होती! नांदणी आणि शिरोळ दोन फेऱ्यांत त्याचं होणार होतं. मग तिन्हीकडून आला असता. कॉलेजात आम्हा सगळ्यांना त्यानं असंच गाडलंय. तुला तो काय सोडणार होता? नक्की हरली असतीस तू.”

नक्की हरली असतीस. हे ऐकून मला इतका आनंद झाला की छातीत दुखलं. आणि लगेच पाठोपाठ बाकीचं सगळं कळलं. मी तोंड खिडकीकडे फिरवलं.

“तेव्हा का नाही बोललास?” थोड्या वेळानं मी विचारलं.

“आप्पांनी अंगणात घालवलं असतं की. आणि मला काय माहीत तू त्यासाठी—” अभीचं हसणं थांबलं. “अक्का? त्यासाठी नाही म्हणालीस व्हय तू?”

मी खिडकीची काच खाली केली. बरंच अंतर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “फक्त शेवटी त्यानं जयसिंगपूर का नाही घेतलं, ते मला आजवर कळलं नाही.”

लग्नाला श्रेणिक येणार हे अभीनं मला सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाही माहीत नसावं. मंडपात अक्षता पडल्यावर गर्दी हलली, तेव्हा ते समोरच उभे होते. केस विरळ झाले होते, चष्मा आला होता. शेजारी त्यांची बायको कुणाशी तरी हसून बोलत होती. ती बोलायला लागली की ते थांबून ऐकत होते, हे माझ्या लक्षात आलं.

“जय जिनेंद्र,” ते म्हणाले. “ओळखलंत का?”

“जय जिनेंद्र,” मी म्हटलं. दुसरं काही सुचेना, म्हणून जे मनात होतं तेच बाहेर आलं. “नांदणीचा कर तुम्ही का घेत नव्हतात, ते मला कळलं.”

ते क्षणभर बघत राहिले. मग हसले. तसंच छान. “डाव संपल्यावर मीच सांगणार होतो,” ते म्हणाले. “कधी कळलं?”

“आज. येताना.”

“आज!” त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मग आता मीही एक विचारतो. रागावणार नसाल तर.”

“विचारा.”

“त्या शेवटच्या रविवारी तुम्ही राजधानीत एकच शिपाई ठेवला होतात. मी दारात होतो. किती वेळ नुसता बघत बसलो होतो, आठवतंय? घाम फुटला होता मला. म्हटलं, ही बाई गणित शिकवते. हिनं कुंभोज दोनदा घेतलंय. ही राजधानी अशी उगाच उघडी टाकणार नाही. काहीतरी आहे यात, ते मला दिसत नाही एवढंच. म्हणून मागे फिरलो.” ते जरा पुढं झुकले. आवाज खाली गेला. “अजून कधी कधी डोक्यात येतं. सापळा होता ना तो?”

मंडपात सनई चालू होती. माझ्या मुठीत काही अक्षता राहिल्या होत्या, त्या घामानं तळव्याला चिकटल्या होत्या. नाही म्हणणं सोपं होतं. नाही, तो सापळा नव्हता, मी तुमची वाट बघत होते, तुम्ही यावं म्हणून दार उघडं ठेवलं होतं. त्यांची बायको आता आमच्याकडेच बघत होती, ओळख करून द्यायची वाट बघत.

“हो,” मी म्हटलं. “सापळाच होता.”

त्यांचा चेहरा उजळला. शाळेतल्या मुलाचं गणित बरोबर आल्यावर उजळतो तसा.

“वाटलंच मला!” ते बायकोकडे वळून म्हणाले, “मी सांगायचो ना तुला? ह्याच त्या.” आणि मग माझ्याकडे वळून, अगदी मनापासून, “म्हणजे थोडक्यात वाचलो म्हणायचं.”

“हो,” मी म्हटलं. “वाचलात.”